प्रतिपक्षाचे प्रामाण्य : कलगी-तुऱ्याची पुराणरचना आणि खानदेश

१

मराठी वाङ्मयेतिहासाच्या ग्रंथांत कलगी-तुऱ्याची बोळवण बहुधा एका परिच्छेदात होते. शिवाला श्रेष्ठ मानणारे ते तुरेवाले, शक्तीला श्रेष्ठ मानणारे ते कलगीवाले. या दोन पक्षांच्या फडांत रात्र रात्र सवाल-जवाब चालत. त्यासाठी रचलेल्या कूटात्मक, अध्यात्मपर लावणीला भेदिक लावणी म्हणत. एवढे सांगून इतिहासकार रामजोशी, होनाजी बाळा, परशराम, सगनभाऊ, प्रभाकर यांच्या शृंगारिक लावण्यांकडे आणि पोवाड्यांकडे वळतो. ज्या झगड्यामुळे या कवींना श्रोता मिळाला, रचनेला निमित्त मिळाले आणि परंपरेला गुरू-शिष्यांची साखळी मिळाली, तो झगडा प्रस्तावनेपुरता उरतो.

या उपेक्षेमागे दोन निवाडे आहेत. पहिला ऐतिहासिक : कलगी-तुऱ्याच्या उगमाची कथा दंतकथा आहे, तिला कागदाचा आधार नाही, म्हणून ती विचारार्ह नाही. दुसरा वाङ्मयीन : भेदिक रचनेतले तत्त्वज्ञान उसने आहे, सांख्य, वेदान्त आणि पुराणे यांतून वेचलेल्या पारिभाषिक शब्दांची ती उतरंड आहे, तीत कवीची स्वतंत्र अनुभूती नाही. दोन्ही निवाडे आपापल्या कसोटीवर चुकीचे नाहीत. चूक कसोटीच्या निवडीत आहे. कलगी-तुरा हे एखाद्या कवीने लिहिलेले काव्य नव्हे आणि एखाद्या आचार्याने स्थापिलेले दर्शनही नव्हे. दोन पक्षांच्या अनुयायांनी, एकमेकांच्या समोर उभे राहून, शेकडो रात्रींत मिळून रचलेले ते एक कल्पितविश्व आहे. अशा विश्वाबद्दल विचारण्याचा प्रश्न ‘हे खरे का?’ किंवा ‘हे स्वतंत्र का?’ असा नसून ‘यात एखादी गोष्ट प्रमाण कशी ठरते, आणि ती प्रमाण ठरवण्याचा अधिकार कोणाकडे असतो?’ असा आहे. या प्रश्नाचा विचार खानदेशाच्या, म्हणजे आजच्या जळगाव व धुळे जिल्ह्यांच्या परिसरातून केला असता काही गोष्टी अधिक स्पष्ट दिसतात.

२

प्रथम उगमकथा. माळवा, निमाड आणि मेवाड या प्रदेशांत ती थोड्याफार फरकाने सांगितली जाते. तुकनगीर नावाचा गोसावी आणि शाह अली नावाचा फकीर यांच्यात शिव थोर की शक्ती थोर असा वाद जडला. चंदेरीच्या राजासमोर दोघांनी आपापली बाजू गाऊन मांडली. दोघांचेही गाणे ऐकून राजा प्रसन्न झाला आणि त्याने आपल्या मस्तकावरच्या शिरोभूषणातला तुरा तुकनगिराला व कलगी शाह अलीला दिली. तेव्हापासून तुरेवाल्यांचे निशाण भगवे आणि कलगीवाल्यांचे हिरवे.

कागदाच्या कसोटीवर ही कथा टिकत नाही, हे उघड आहे. त्या कसोटीचा आग्रह धरणाऱ्या इतिहासदृष्टीचे एक मोठे घर खानदेशातच आहे. १८९८ पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ प्रसिद्ध करणाऱ्या वि. का. राजवाडे यांची अखेर ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळ्यास झाली आणि पुढच्याच वर्षी तेथे त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ उभे राहिले. अस्सल कागदावाचून इतिहास नाही, ही शिस्त मराठी संशोधनाला या परंपरेने लावली. तिचे ऋण मान्य करूनही असे म्हणावे लागते की, दंतकथेतील घटना घडली नाही एवढे सिद्ध झाल्याने दंतकथेचे काम संपत नाही. ती घटना घडली असे दोन्ही पक्षांनी मान्य का केले, हा प्रश्न शिल्लक राहतो.

तो विचारला की कथेची रचना बोलू लागते. राजा निवाडा देत नाही. तो एकाच शिरोभूषणाचे दोन अवयव दोघांना वाटून देतो. तुऱ्यावाचून कलगी अपुरी आणि कलगीवाचून तुरा अपुरा, हे दानातच गृहीत आहे. म्हणजे झगडा कायमचा संपू नये अशी तरतूद कथेने आरंभीच करून ठेवली आहे. शिवाय शक्तीचा कैवार कथेने फकिराकडे आणि शिवाचा गोसाव्याकडे दिला आहे. धर्माच्या सीमारेषेवरून पक्ष पडले असते तर वाद एका रात्रीत वेगळ्या दिशेला गेला असता. येथे देवीची बाजू घेणारा आद्य पुरुष मुसलमान आहे आणि त्याच्या निशाणाचा हिरवा रंग पुढे देवीचा रंग झाला आहे. मराठी शाहिरीत हिंदू आणि मुसलमान कवी एकाच फडात, एकाच परंपरेत वावरले. सगनभाऊ जन्माने मुसलमान होता; संगमनेरचा अनंत घोलप मलिक फंदी या फकिराच्या सहवासाने ‘अनंत फंदी’ झाला असे परंपरा सांगते. चंदेरीची कथा या सहवासाला पूर्वज मिळवून देते. तिचे हे कार्य ऐतिहासिकच आहे, फक्त ते कालनिर्णयाच्या रकान्यात बसणारे नाही.

आणखी एक गोष्ट. ‘तुरा’ आणि ‘कलगी’ हे दोन्ही शब्द दरबारी पेहरावातून, फारसीच्या वाटेने आपल्याकडे आले. मराठीत तुरा पुल्लिंगी आहे, कलगी स्त्रीलिंगी आहे. तुऱ्याने पुरुषाची आणि कलगीने प्रकृतीची बाजू घ्यावी, हे नामांच्या लिंगातच जणू लिहून ठेवले होते. पक्षांच्या तत्त्वज्ञानाने आपली चिन्हे निवडली की चिन्हांनी आपले तत्त्वज्ञान गोळा केले, हे सांगणे अवघड आहे. पण कल्पितविश्वांच्या घडणीत दुसरी शक्यता नाकारण्याचे कारण नाही. डफाला बांधलेल्या एका शोभेच्या वस्तूपासून निघून अनुयायी विश्वाच्या उत्पत्तीपर्यंत पोचतात, ही या परंपरेची खरी झेप आहे.

३

या झेपेचा मागोवा घेताना खानदेश मध्यवर्ती ठरतो तो भूगोलामुळे. फारुकी सुलतानांच्या काळात, म्हणजे चौदाव्या शतकाच्या अखेरीपासून १६०१ साली अकबराने अशीरगड घेईपर्यंत, खानदेशाची सत्ता मुख्यतः तापीकाठच्या बुऱ्हाणपुराहून चालत होती. आज बुऱ्हाणपूर मध्य प्रदेशात आहे. पण निमाड आणि खानदेश यांच्यामधली रेघ प्रशासनाची आहे, गाण्याची नाही. १९०६ साली इंग्रजांनी खानदेशाचे पूर्व व पश्चिम असे दोन जिल्हे केले. तेच पुढे जळगाव आणि धुळे झाले. १९९८ साली धुळ्यातून नंदुरबार वेगळे निघाले. या सगळ्या वाटण्यांच्या आरपार एक वाट राहिली : उत्तरेला चंग वाजवून ‘तुर्रा-कलंगी’ गाणारा माळवा-निमाड, दक्षिणेला डफ-तुणतुणे-ढोलकीवर लावणी म्हणणारा देश, आणि मधोमध तापी-गिरणा-पांझरेचे खोरे.

भाषेच्या बाबतीतही हा प्रदेश असाच उंबरठ्यावरचा आहे. ग्रिअर्सनने आपल्या भाषिक पाहणीत खानदेशीला मराठीच्या खंडात न घालता भिल्ली भाषांच्या शेजारी बसवले (१९०७). अहिराणी ही मराठीची बोली की स्वतंत्र भाषा, हा वाद तेव्हापासून धुमसत आहे. उंबरठ्यावरच्या प्रदेशाला दोन्हीकडच्या कथा ऐकू येतात आणि कोणतीच एक कथा अंतिम वाटत नाही. देशावरचा अभ्यासक चंदेरीची कथा ‘उत्तरेतली’ म्हणून बाजूला ठेवू शकतो, माळव्यातला अभ्यासक मराठी भेदिकाला ‘दक्षिणेतली शाखा’ समजू शकतो. खानदेशातून पाहणाऱ्याला दोन्ही एकाच वाटेवरचे मुक्काम दिसतात. कोकणात जाखडीच्या नाचात हाच झगडा ‘शक्ती-तुरा’ या नावाने चालतो, ही त्या वाटेची दुसरी कड.

खानदेशाच्या लोकजीवनात प्रतिपक्ष उभा करून गाण्याची सवय केवळ शाहिरांपुरती नाही. आखाजीला माहेरी आलेल्या मुली गौराई बोळवताना दुसऱ्या गल्लीच्या किंवा दुसऱ्या गावच्या मुलींची गाण्यातून उणीदुणी काढतात, आणि त्या उण्यादुण्यांनाही सणाचा मान असतो. डफाच्या ठेक्यावर चालणाऱ्या वहीगायनात पुढल्या गायकाने ओळ टाकायची आणि साथीदारांनी ती उचलायची, ही रीत आहे. जत्रांतून फिरणाऱ्या तमाशा मंडळांनी ‘सांगवीकर’, ‘जळगावकर’ अशी गावाची नावे लावली. भिका-भीमा सांगवीकर किंवा आनंदराव महाजन जळगावकर असे म्हणताच कलावंताबरोबर गावही रंगमंचावर येते. बाजू असणे, बाजू सांगणे आणि ती राखणे हे येथे सामाजिक ओळखीचेच अंग आहे. कलगी-तुऱ्याला अशा भूमीत वेगळे रुजवावे लागले नसणार.

४

आता प्रामाण्याचा प्रश्न. सवाल-जवाबात एखादी गोष्ट ग्राह्य कशी ठरते? याची रीत समजण्यासाठी खानदेशातच सर्वश्रुत असलेले कथाद्रव्य घेऊन ते झगड्याच्या नियमांत घालून पाहता येते. पुढील साखळी कोण्या एका बाडातून उचललेली नाही. या परंपरेत युक्तिवाद कसा चालतो त्याचा तो एक नमुना आहे.

तापी आणि पूर्णा यांच्या संगमावर चांगदेव आहे. जवळच मुक्ताबाईचे स्थान आहे आणि पूर्वीच्या एदलाबादला आज मुक्ताईनगर म्हणतात. चौदाशे वर्षे काळाला फसवणारा, वाघावर बसून सापाचा चाबूक करणारा चांगदेव ज्ञानदेवांना पत्र पाठवू लागला तेव्हा मायना काय लिहावा हेच त्याला सुचेना. त्याने कोरा कागद पाठवला. उत्तरादाखल ज्ञानदेवांनी पासष्ट ओव्या लिहिल्या. पुढे याच चांगदेवाला मुक्ताबाईने उपदेश केला. वारकरी परंपरेत निवृत्तिनाथ शिवाचे, ज्ञानदेव विष्णूचे, सोपानदेव ब्रह्मदेवाचे अवतार आणि मुक्ताबाई आदिशक्ती मानली जाते.

कलगीवाल्याला याहून सोयीचे काय हवे? चौदाशे वर्षांचा योगपुरुष एका कुमारिकेपुढे नमतो. म्हणजे योगाची सीमा जेथे संपते तेथे शक्तीचे राज्य सुरू होते. तुरेवाला ही कथा खोटी म्हणत नाही. तो ती मान्य करतो आणि एक पायरी मागे जातो : मुक्ताबाईला बोध कोणी केला? निवृत्तिनाथाने, आणि निवृत्तिनाथ तर शिवाचा अवतार. कलगीवाला आणखी मागे जातो : नाथपंथाचे ज्ञान आदिनाथाने प्रथम कोणाला सांगितले? पार्वतीला. तिने विचारले नसते तर शिव बोलला नसता. प्रश्न शक्तीचा, उत्तर शिवाचे, आणि प्रश्नावाचून उत्तराला जन्म नाही. तुरेवाल्याजवळ याचाही तोडगा आहे : ते ज्ञान ऐकता ऐकता पार्वतीला डुलकी लागली, हुंकार दिला तो माशाच्या पोटातल्या मच्छिंद्राने. येथे श्रोत्यांत हशा पिकणार आणि कलगीवाला हरला असे क्षणभर वाटणार. पण तो विचारतो : डुलकी म्हणजे कोण? ज्या निद्रेने प्रत्यक्ष विष्णूला क्षीरसागरात निजवले ती योगनिद्रा देवीच ना? मग पार्वती निजली म्हणून शक्तीचा पराभव झाला, की शक्तीच निद्रेच्या रूपाने आली म्हणून मच्छिंद्राला ज्ञान मिळाले?

या साखळीतून तीन गोष्टी दिसतात. एक, समोरच्याने मांडलेली गोष्ट नाकारायची नसते, तिच्यात भर घालून ती आपल्या बाजूला वळवायची असते. ‘पुरावा कोणत्या पुराणात?’ असा आधार विचारता येतो. पण आधार मिळाला की ती गोष्ट दोन्ही पक्षांची होते. दोन, प्रत्येक जवाबाने विश्व वाढते. पहिल्या सवालाच्या वेळी फक्त चांगदेव आणि मुक्ताबाई होती. पाचव्या पायरीवर आदिनाथ, मच्छिंद्र, क्षीरसागर आणि योगनिद्रा एकाच पटात आली. तीन, या पटाचा कर्ता कोणा एकाला म्हणता येत नाही. कलगीवाल्याने एकट्याने हे रचले असते तर ती स्तुती झाली असती. तुरेवाल्याच्या प्रत्येक अडथळ्यामुळे तिची पुराणरचना झाली.

येथे एक देशी परिभाषा उपयोगी पडते. न्यायसूत्रांनी कथेचे म्हणजे चर्चेचे तीन प्रकार सांगितले आहेत : तत्त्वनिर्णयासाठी चालतो तो वाद, जिंकण्यासाठी चालतो तो जल्प, आणि स्वतःचा पक्ष न मांडता केवळ समोरच्याचे खंडन करते ती वितंडा. कलगी-तुरा हेतूने जल्प आहे. फड जिंकायचा असतो. हरणाऱ्याला डफ खाली ठेवावा लागे, निशाण गमवावे लागे, आणि गावोगावी त्याचा बोभाटा होई. न्यायशास्त्रातले ‘निग्रहस्थान’ येथे असे प्रत्यक्ष, हाताने उचलून नेता येणारे होते. परंतु परिणामाने पाहिले तर हा जल्प वादाचे काम करतो. ज्या विधानाला प्रतिपक्ष निरुत्तर होतो ते विधान पुढच्या फडात सिद्ध म्हणून वापरता येते. ग्रंथ, गुरू किंवा राजा यांच्याइतकाच, किंबहुना त्यांच्याहून अधिक, प्रामाण्याचा अधिकार येथे प्रतिपक्षाकडे आहे. आपले म्हणणे खरे ठरवण्यासाठी समोर एक समर्थ विरोधक हवा, ही या परंपरेची गाभ्याची अट आहे.

५

हे ध्यानात घेतले म्हणजे ‘उसने तत्त्वज्ञान’ हा आक्षेप वेगळा दिसू लागतो. शिव-शक्तीचे अभिन्नत्व ज्ञानदेवांनी ‘अमृतानुभवा’च्या पहिल्याच प्रकरणात देव-देवीच्या दांपत्याच्या रूपकातून मांडले आहे. तेथे श्रेष्ठ-कनिष्ठ असा भेदच उरत नाही. त्या उंचीवरून पाहिले तर कलगी-तुऱ्याचा सारा झगडा अज्ञानातला ठरेल. तो तसा आहे हे झगडणाऱ्यांनाही ठाऊक असते; दोन्ही पक्षांचे गायक अखेरीस शिव-शक्ती एकच असल्याचे म्हणू शकतात. तरीही दुसऱ्या दिवशी डफ पुन्हा वाजतो. अद्वैताचे ज्ञान हाती असताना द्वैताचा खेळ कशासाठी?

हुइझिंगाने ‘होमो लुडेन्स’ या ग्रंथात (१९३८) क्रीडा आणि ज्ञान यांचे मूळ नाते दाखवताना वैदिक यज्ञप्रसंगीच्या कूटप्रश्नांचा दाखला घेतला आहे. अश्वमेधातल्या ब्रह्मोद्यात ऋत्विज एकमेकांना विश्वाच्या आरंभाविषयी, मध्याविषयी, अंताविषयी प्रश्न टाकतात. तत्त्वचिंतनाचा आरंभ एकांतात नव्हे, चढाओढीत झाला, असे त्याचे प्रतिपादन आहे. कलगी-तुरा या दृष्टीने ब्रह्मोद्याचा फार दूरचा नातेवाईक ठरतो. पण एक फरक निर्णायक आहे. ब्रह्मोद्याला अधिकाराची अट होती. कोण प्रश्न विचारू शकतो हे जन्माने ठरलेले होते. फडात ती अट मोडली. रामजोशी ब्राह्मण, होनाजी गवळी, परशराम शिंपी, सगनभाऊ शिकलगार. आणि तमाशाचा मुख्य भार तर महार-मांग-कोल्हाटी अशा जातींतील कलावंतांनी वाहिला. ज्यांना शास्त्राच्या पाठशाळेत प्रवेश नव्हता त्यांनी पंचवीस तत्त्वे, पंचप्राण, पिंड-ब्रह्मांड, पुरुष-प्रकृती ही सारी परिभाषा कानाने गोळा केली, मुखाने वापरली आणि चारचौघांत, उलटतपासणीला तोंड देत सिद्ध केली. जे दारातून मिळत नव्हते ते खेळाच्या खिडकीतून घेतले. त्याला उसने म्हणताना उसनवारीशिवाय दुसरा मार्ग कोणी बंद केला होता, हे विसरता येत नाही.

या प्रवेशाची मर्यादाही सांगायला हवी. फडाने अधिकाराची अट मोडली, तरी प्रमाणग्रंथांची चौकट मोडली नाही. सवाल कोणाचाही असो, आधार पुराणाचाच मागितला जाई. ही चौकट प्रथम उघडपणे नाकारली ती सत्यशोधक जलशांनी आणि नंतर आंबेडकरी जलशांनी. त्यांनी गणातला देव बदलला, सवालातला विषय बदलला; ‘शिव थोर की शक्ती थोर’ याऐवजी ‘माणूस थोर की ग्रंथ थोर’ हा प्रश्न मंचावर आला. पण त्यांनी सवाल-जवाबाची घडी मात्र ठेवली. सामान्य श्रोता युक्तिवादाच्या पायऱ्या रात्रभर लक्षात ठेवू शकतो, ही खात्री त्यांना त्याच परंपरेने दिलेली होती.

शक्तीच्या बाजूविषयीही अशीच दुहेरी नोंद करावी लागते. खानदेशात श्रावणात कानबाई बसते. चैत्रात सप्तशृंगीच्या गडाकडे खानदेशातून पायी दिंड्या निघतात. धुळ्याला पांझरेकाठी एकवीरा आहे. कलगीच्या गायकाला देवीचे महात्म्य सांगायला लांबचे प्रमाण शोधावे लागत नाही, ते त्याच्या श्रोत्यांच्या घरात असते. मात्र स्त्रीतत्त्वाचा हा कैवार परंपरेने पुरुष शाहिरांच्या मुखातून चालला. प्रकृतीची बाजू मांडणारी स्त्री फडाच्या इतिहासात क्वचित येते. आखाजीच्या गाण्यात मात्र ती बाई स्वतःच पक्ष असते. हे दोन प्रकार शेजारी ठेवून वाचले गेले तर कलगीच्या युक्तिवादाच्या मर्यादा अधिक नेमक्या कळतील.

६

अनुयायांनी रचलेली पक्षांची पुराणे ही केवळ जुनी गोष्ट राहिलेली नाही. १९९४ साली आलेल्या ‘वॉरक्राफ्ट’ या संगणक-खेळातून वाढलेल्या आणि २००४ पासून ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ या नावाने जगभर खेळल्या गेलेल्या कल्पितविश्वात ‘अलायन्स’ आणि ‘होर्ड’ असे दोन पक्ष आहेत. खेळणारे आपला पक्ष निवडतात, त्याच्या पूर्वजांच्या कथा रचतात, त्याच्या अन्यायांची यादी करतात, मूळ कथेतल्या मोकळ्या जागा भरतात. कलगी-तुऱ्याशी या व्यवहाराचे साम्य नजरेत भरण्यासारखे आहे : दिलेले थोडे, रचलेले फार, चिन्ह आधी, इतिहास नंतर, आणि पक्षनिष्ठा ही कथा निर्माण करणारी शक्ती.

फरक आहे तो प्रामाण्याचा. तेथे विश्वाला मालक आहे. अनुयायाने कितीही सुरस कथा रचली तरी ती अधिकृत की अनधिकृत हे अखेर मालक कंपनी ठरवते, आणि अनधिकृत ठरलेली कथा चाहत्यांच्या वर्तुळातच फिरत राहते. कलगी-तुऱ्याच्या विश्वाला मालक नव्हता. चंदेरीचा राजा शिरोभूषण वाटून कथेतून निघून गेला. नंतर कोणाकडे दाद मागायची सोय उरली नाही. उरला तो समोरचा पक्ष आणि भोवतीचा श्रोता. मालकीच्या जागी प्रतिपक्ष येणे ही छोटी गोष्ट नाही. मालक आपल्या विश्वाचे रक्षण नव्या भरीला अटकाव करून करतो, प्रतिपक्ष नवी भर घालायला भाग पाडून करतो. भालचंद्र नेमाडे यांच्या देशीवादी मांडणीनंतर मराठी समीक्षेत देशी परंपरांच्या स्वायत्ततेची चर्चा पुष्कळ झाली. त्या चर्चेत ‘देशी’ची व्याख्या बहुधा भूमी, भाषा आणि कालसातत्य यांच्या आधारे होते. कलगी-तुऱ्याकडे पाहता तिच्यात प्रामाण्याची सामूहिक रीत हा चौथा घटक जोडावा लागेल.

७

हे विश्व विरत गेले ते कोणी त्याचे खंडन केले म्हणून नव्हे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तमाशात वग आला. उमाजीच्या ‘मोहना-बटाव’ला (१८६५) पहिल्या वगाचा मान दिला जातो. कथानक मिळाल्यावर श्रोत्याला सवालाची वाट पाहण्याचे कारण उरले नाही. ॲकवर्थ आणि शाळिग्राम यांच्या संग्रहाने (१८९१) पोवाडे छापून सुरक्षित केले, य. न. केळकरांनी १९२८ मध्ये त्यांना ऐतिहासिक टिपांची जोड दिली, म. वा. धोंडांच्या ‘मऱ्हाटी लावणी’ने (१९५६) लावणीला समीक्षेच्या दालनात आणले. या कार्याचे मोल मोठे आहे. पण छापताना पोवाडा निवडला गेला तो इतिहासासाठी आणि लावणी निवडली गेली ती सौंदर्यासाठी. भेदिक रचना या दोन्ही निवडींच्या मधल्या फटीत पडली. आणि जी छापली गेली तिच्यातही सवाल एका ठिकाणी व जवाब दुसऱ्या ठिकाणी गेला. प्रतिपक्षापासून तोडलेला जवाब निर्जीव वाटला यात नवल नाही. उतरंडीचा आक्षेप बऱ्याच अंशी या छपाईने निर्माण केलेला आहे. १९४७ च्या ‘लोकशाहीर रामजोशी’ आणि १९६४ च्या ‘सवाल माझा ऐका’सारख्या चित्रपटांनी सवाल-जवाबाला पुन्हा लोकप्रियता दिली, पण तेथे सवाल आणि जवाब दोन्ही एकाच पटकथेतून येत होते, हरणारा कोण हे आधीच ठरलेले होते.

मागे राहिली ती फडांची बाडे. ती प्रतिपक्षाच्या हाती लागू नयेत म्हणून जपली जात. लपवण्याची ती काळजी हा त्या काळचा विरोधकाविषयीचा आदरच होता. झगडा थांबल्यावर बाड लपवण्याचे कारण गेले आणि जपण्याचेही गेले. अशा रचनांचे संकलन करताना कवीचे नाव, गाव आणि शक या तीन रकान्यांबरोबर चौथा रकाना करावा लागेल : हा कोणत्या सवालाचा जवाब आहे? तो रकाना रिकामा राहिला तर हाती वेदान्ताचे शब्द येतील, त्यांना शब्द करणारा प्रसंग येणार नाही.

भाषेत मात्र कलगी-तुरा अजून जिवंत आहे. दोन पुढाऱ्यांत शाब्दिक चकमक झाली की वृत्तपत्रे ‘कलगीतुरा रंगला’ असा मथळा देतात. जळगाव-धुळ्याच्या निवडणुकांतही तो मथळा परका नाही. ज्यांच्याविषयी तो वापरला जातो ते एका मंचावर येत नाहीत, समोरच्याचे म्हणणे मान्य करून त्यात भर घालत नाहीत, आणि निरुत्तर झाल्यावर कोणी डफ खाली ठेवत नाही. न्यायशास्त्राच्या परिभाषेत ती वितंडा झाली. ज्या परंपरेत विरोधक हाच आपल्या सत्याचा साक्षी होता, तिचे नाव साक्षी न मानणाऱ्या भांडणाला मिळावे, हा अर्थबदल कोशात एका ओळीचा आहे. कलगी-तुऱ्याचा इतिहास लिहिणाऱ्याला ती ओळ शेवटचे प्रकरण म्हणून वाचावी लागेल.